वाढवलेली गोळी

डॉक्टरांच्या तोंडून 'कंपवात' हा शब्द ऐकून जे नुकतेच घरी आले आहेत आणि कोणाला काही न सांगता चहाचं आधण ठेवून बसले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. लिहिते आहे म्हणजे मी फोनशी बोलते आणि फोन लिहितो. माझं अक्षर आता इतकं बारीक होतं की मलाच भिंग लागतं. फोन मधूनमधून भलतंच ऐकतो आणि भलतंच लिहितो. पण एकाने बोललेला शब्द दुसऱ्याने भलताच ऐकला की काय होतं, याचा अनुभव माझ्याकडे फोनपेक्षा जास्त आहे. म्हणून प्रत्येक ओळ मोठी करून वाचते आणि मगच पुढे जाते.

सही

माझा आजार डॉक्टरांच्या आधी बँकेतल्या मुलीने ओळखला. "मावशी, सही जुळत नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, "माझीच आहे, तुझ्यासमोर केली." "हो, पण आधीची एवढी मोठी होती, ही बघा." दोन्ही सह्या शेजारी ठेवल्यावर मलाही दिसलं. सुरुवात बरी होती, पण 'निर्मला'तला 'ला' येईपर्यंत सगळं चिरमुटून गेलं होतं.

त्यानंतर मग एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. चालताना उजवा हात हलतच नव्हता, अंगाला चिकटून राहायचा. फोडणी करपली तरी वास येत नव्हता. ब्लाउजची बटणं लावायला पंधरा मिनिटं लागत होती आणि मी ते वयावर ढकलत होते. मुलगा मंदार मला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी बोटांची चिमटी करायला लावली, कॉरिडॉरमधून चालवलं, वळायला लावलं. मग खुर्चीत बसवून म्हणाले, "कंपवात. पार्किन्सन्स."

"पण माझे हात कुठे थरथरतात?" मी विचारलं. मला वाटलं, डॉक्टरांना चूक दाखवून दिली की आजार परत घेतील.

"सगळ्यांचे थरथरत नाहीत. तुमचं अंग ताठरतंय. याने माणूस मरत नाही, याच्यासकट बरीच वर्षं जगतो. पण एक लक्षात ठेवा, गोळ्या वेळेवर. दहा मिनिटं इकडे तिकडे नाही."

मंदारचा चेहरा पडला होता. माझा नाही. मी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली आहे. ट्रंक कॉलच्या काळात तीन मिनिटं झाली की मी मंत्र्याचंही बोलणं तोडलेलं आहे. वेळेच्या बाबतीत कोणी मला शिकवावं असं काही उरलेलं नव्हतं. रडू आलं ते घरी आल्यावर, तेही आजाराचं नाही. जिन्यात मंदारने माझा दंड धरला आणि मी तो धरू दिला, त्याचं आलं.

अंग कधी माझं, कधी परकं

या आजारात गोळी म्हणजे काय, ते निरोगी माणसाला समजावणं अवघड आहे. गोळी पोटात गेली की थोड्या वेळाने अंग सुटतं. मी उठते, वेणी घालते, भाजी निवडते, टोमणे मारते. तिचा असर उतरला की पाय जमिनीला चिकटतात. मन म्हणतं चल, पाय म्हणतात कोण तू. आधीची उतरायच्या आत पुढची गेली पाहिजे. आणि ती जेवणाच्या आधी, रिकाम्या पोटी. डाळ-दह्याबरोबर घेतली तर मला ती लागू पडत नाही.

घरी दोनदा पडले. मंदारचं घर येरवड्याच्या बाजूला, ते दोघं दिवसभर ऑफिसात. म्हणून मीच कोथरूडमधला हा ज्येष्ठांचा निवास शोधला. माझ्या जुन्या सोसायटीपासून दोन गल्ल्या. खिडकीतून क्लासच्या मुलांच्या गाड्यांची गर्दी दिसते, भाजीवाली ओळखीची आहे. इथे नर्सेस आहेत, व्हीलचेअर आहे आणि माझ्याच खोलीत राहणाऱ्या लीलाताई आहेत. त्या कंटाळल्या की मोठ्याने रामरक्षा म्हणतात.

इथे बहुतेकांच्या गोळ्या ट्रॉलीवरून येतात. इन-चार्ज शेख सिस्टरनी पहिल्याच दिवशी ते सांगितलं. कॅम्पातल्या जुन्या घराण्यातल्या, करड्या केसांच्या, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. मी म्हटलं, "ट्रॉली वेळेवर येते?" त्या म्हणाल्या, "येते. अर्धा तास पुढेमागे." मी माझ्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली आणि म्हटलं, "मग माझी पेटी माझ्याजवळ राहू द्या." त्यांनी चिठ्ठीवरची सही बघितली आणि परवानगी दिली. खूश होऊन दिली नव्हती, हे मला तेव्हाही कळलं होतं.

सगळं नीट चाललं. फोनमध्ये गजर लावलेले, पेटीत कप्पे. सकाळची गोळी अख्खी. दुपारची अख्खी घेतली की माझं अंग नको तितकं वळवळायचं, मान डोलायची, म्हणून डॉक्टरांनी ती दोन भागांत घ्यायला सांगितली होती. अर्धी जेवणाआधी, अर्धी तिसऱ्या प्रहरी. तर ती गोळी मी सकाळीच वाढवून ठेवायचे. म्हणजे मधल्या रेघेवर अंगठे दाबून दोन तुकडे करायचे. आमच्या घरात तोडणे, फोडणे, मोडणे हे शब्द चालत नसत. नारळ वाढवायचा, बांगडी वाढवायची, दुकान बंद करताना तेही वाढवायचं. माझ्या सासूबाईंना रोज अर्धी गोळी असायची. आजारी माणसाच्या उशाशी 'मोडली' असं कशाला म्हणायचं, म्हणून मी ती 'वाढवायची', आणि शाळेतून आलेला मंदार तो तुकडा वाटीतून आजीला नेऊन द्यायचा. तेव्हापासून माझ्या तोंडी तेच बसलं.

बोटं ताठ असली की कधी कधी गोळीचा भुगा व्हायचा. तो टाकून मी दुसरी घ्यायचे. त्यामुळे पाकिटं जरा लवकर संपायची. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकीच्या दोन

मार्गशीर्षात स्नेहल आली. नवी सिस्टर, भंडाऱ्याकडची, कोवळी पोर, पण कामाला वाघ. पहिल्याच आठवड्यात ती माझ्याजवळ बसून म्हणाली, "आजी, तुमच्या दुपारच्या गोळ्या लवकर संपून राहिल्या. काऊन जी?"

मी वेणी घालत होते. म्हटलं, "अगं, ती मी वाढवून घेते ना, म्हणून."

"वाढवून घेता?"

"हो. रोज."

तिचे डोळे मोठे झाले. मला वाटलं, माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं असेल.

दुपारी शेख सिस्टर आल्या. खुर्ची ओढून बसल्या. त्या बसल्या म्हणजे प्रकरण गंभीर. "निर्मलाताई, आपण दुपारची गोळी वाढवून घेता?"

"घेते."

"किती वाढवता?"

"किती म्हणजे? एकीच्या दोन."

"दोन." त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "कोणाला विचारून?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय. त्यांना विचारा हवं तर." वकील लावला असता तरी त्याने माझ्याविरुद्ध इतकी चोख साक्ष काढून घेतली नसती. ती मी फुकट दिली, वर विचारा म्हणून आव्हानही दिलं.

त्यांनी तिथेच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "डॉक्टर, आपण निर्मलाताईंना दुपारची गोळी वाढवायला सांगितलीत का?"

"वाढवायला? मुळीच नाही. उलट कमी केली आहे मी. का, काय झालं?"

लीलाताईंनी रामरक्षा थांबवली, यावरून काय ते समजा. मी म्हटलं, "असं कसं म्हणतात ते? माझ्या देखत तर सांगितलं मंदारला." शेख सिस्टर एकदम मऊ आवाजात बोलायला लागल्या. मला त्यांचा कडक आवाज चालतो. हा नाही चालला. "ताई, आज वार कोणता?"

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत नसेल तर कॅलेंडर तुमच्या मागे आहे."

पुण्यात हे उत्तर शुद्ध डोक्याचं लक्षण मानतात. त्यांनी ते तसं मानलं नाही. पेटी उचलली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. मंदारला फोन गेला. त्याने मला नंतर फोन केला. "आई, तू गोळ्या वाढवतेस?"

"हो रे, वाढवते. त्यात काय एवढं?"

पलीकडे त्याने कोणाला तरी 'एक मिनिट' म्हटलं. मग म्हणाला, "आई, हट्ट सोड. निवासातून फोन आला की ऑफिसात माझ्या पोटात गोळा येतो. त्यांना योग्य वाटेल ते करू दे."

मी म्हटलं, "तुला गोळा येतो, माझी गोळी जाते," आणि फोन ठेवला. शब्द चांगला जुळला होता, पण हसू आलं नाही. माझ्या पोटच्या मुलाने मला एकदाही विचारलं नव्हतं की वाढवतेस म्हणजे काय करतेस.

ट्रॉली

ट्रॉली वेळेवर यायची आणि नाहीही यायची. कोणाचा रक्तदाब घसरला, कोणी उलटी केली, की ती दुसऱ्या मजल्यावर अडकायची. त्यात कोणाची चूक नाही. पण माझ्या पायांना ते सांगून कळत नाही. गोळी यायची ती ताटाबरोबर, आणि डाळीखाली दबून जायची. फोनचे गजर मी बंद केले नव्हते. गजर वाजायचा आणि मी दाराकडे बघत बसायचे. काय करायचं हे माहीत आहे, पेटी चार पावलांवर कपाटात आहे, आणि तरी आपण खाटेवर बसून वाट बघायची, याचा मला इतका संताप यायचा की कान तापायचे.

एक दिवस ट्रॉली फारच लांबली. मी बाथरूमकडे निघाले आणि उंबरठ्यावर पाय चिकटले. हात चौकटीला, डोळ्यांसमोर संडास आणि मी जागच्या जागी. गाऊन ओला झाला. स्नेहलने पाहिलं. तिने हाक मारली नाही, कोणाला बोलावलं नाही. दार लोटलं, माझ्या पावलापुढे स्वतःचं पाऊल आडवं ठेवलं आणि म्हणाली, "आजी, माझ्या पायावरून टांग टाका फक्त." आडवं काही दिसलं की चिकटलेला पाय सुटतो, ही या आजाराची गंमत आहे. मी टांग टाकली. तिने मला आंघोळ घातली, केस पुसले. आणि मग म्हणाली, "माझ्यामुळं झालं जी हे. मीच सांगितलं होतं सिस्टरला."

"तू जे ऐकलंस ते सांगितलंस. बरोबर केलंस," मी म्हटलं. आणि मी ते मनापासून म्हटलं होतं.

पण खरी भीती ती नव्हती. कपडे ओले होणं मी सोसेन. त्या संध्याकाळी खाटेवर पडल्या पडल्या पहिल्यांदा वाटलं, यांचं खरं असेल तर? डॉक्टरांनी सांगितलंच नसेल आणि मला सांगितल्यासारखं वाटत असेल तर? अंग परकं होतंच, आता डोकंही व्हायला लागलं असेल तर माझं म्हणून काय उरलं? मी स्वतःची परीक्षा घेतली. सोलापूर शून्य दोन एक सात. नाशिक शून्य दोन पाच तीन. कोल्हापूर शून्य दोन तीन एक. सगळ्या महाराष्ट्राचे एस.टी.डी. कोड म्हणून झाले. लीलाताई म्हणाल्या, "चांगलं आहे हे, कोणतं स्तोत्र?" मी म्हटलं, "बीएसएनएलचं." आणि मग मला हसू आलं, आणि हसू आल्यावर खात्री पटली की डोकं जागेवर आहे. गडबड दुसरीकडे कुठेतरी आहे. लाइन चुकीची लागली आहे. कुठे, ते मात्र सापडत नव्हतं.

नारळ

रविवारी मंदार आला तेव्हा निवासात नवं वॉशिंग मशीन आलं होतं. जुन्याने बरेच दिवस सगळ्यांच्या चादरी गुलाबी केल्या होत्या, त्यामुळे उत्साह मोठा होता. कोणी हळदकुंकू लावलं, कोणी फूल ठेवलं. आम्ही व्हीलचेअरवाले आणि काठीवाले अर्धगोलात बसलो. स्नेहलने नारळ आणला. पुरुषमाणूस म्हणून तो मंदारच्या हातात आला.

शेख सिस्टर म्हणाल्या, "मंदार, फोडता ना नारळ?"

"फोडता काय, सिस्टर," मी बसल्या जागेवरून म्हटलं. "शुभकार्याला असं बोलू नये. वाढवता ना, म्हणावं."

सिस्टर हसल्या. "बरं, वाढवता ना?"

मंदारने नारळ डोक्याच्या वर उचलला होता. तो तसाच राहिला. मला वाटलं, त्यालाही हा आजार झाला की काय. मग त्याने हळूच हात खाली घेतला आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

"आई, तू गोळी वाढवतेस."

"आता इथे कशाला तो विषय?"

"नाही, सांग ना. वाढवतेस म्हणजे काय करतेस? हाताने करून दाखव."

मी दोन्ही अंगठे एकमेकांना लावले आणि मधे नसलेली गोळी दाबून तिचे दोन तुकडे केले. "हे असं. आजीची नाही का वाढवायचे. वाटीतून नेऊन द्यायचास की तू."

त्याने नारळ मशीनवर ठेवला आणि तो मशीनला टेकून उभा राहिला. शेख सिस्टरनी कपाळाला हात लावला. "एकीच्या दोन," त्या म्हणाल्या. "या अल्ला. एकीच्या दोन."

स्नेहलला अजून उमगलं नव्हतं. "म्हणजे काय जी? आमच्याकडे नारळ फोडतात, गोळी तोडतात. वाढवणं म्हणजे तर जास्त करणं."

"किंवा ताटात वाढणं," लीलाताई म्हणाल्या, आणि मग हसण्याची अशी लाट आली की नारळ राहिलाच. तो शेवटी सिस्टरनी स्वतः वाढवला, एका घावात.

मंदार हसला नाही. माझ्या चाकाच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. "मला तरी आठवायला हवं होतं, आई. मी फक्त घाबरलो." मी त्याच्या केसांतून हात फिरवला. तो ताठ हात होता, जरा आपटलाच. मला त्या क्षणी राग यायला हवा होता, साठवून ठेवलाही होता. आला नाही. घाबरलेल्या माणसाला शब्दांचे अर्थ ऐकू येत नाहीत, हे मी ट्रंक कॉलवर हजारदा ऐकलेलं आहे.

सिस्टरांची परीक्षा

मला वाटलं, आता पेटी सन्मानाने परत येणार. शेख सिस्टर रिकाम्या हातांनी आल्या.

"गैरसमज होता हे मान्य. पण मी तेव्हा परवानगी दिली ती आपल्या चिठ्ठीला दिली, आपल्याला पारखून नाही दिली. ती माझी कसूर. आता पारखणार. आपल्या आधी दोन जणांनी आपापल्या गोळ्या जवळ ठेवल्या होत्या. दोघंही, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, कधी चुकत नव्हते. दोघांनाही ॲम्ब्युलन्सने न्यावं लागलं."

हे उत्तर मला पटलं, म्हणून जास्तच राग आला.

त्यांनी मला प्रत्येक गोळी ओळखायला लावली. नाव, कशासाठी, केव्हा, चुकली तर काय. रात्रीची गोळी वाढवायची की नाही, असं त्यांनी मुद्दाम विचारलं. मी सांगितलं की ती हळूहळू विरघळणारी आहे, तिला हात लावायचा नाही, अख्खी गिळायची. हे तुम्हीही विचारून घ्या, सगळ्या गोळ्यांचे तुकडे करता येत नाहीत. मग पाकीट उघडून दाखवायला लावलं. ते मला जमलं नाही. नखाने खरवडलं, दाताला लावायला गेले, तर त्यांनी थांबवलं. तिथे मी नापास. मग ठरलं की दर रविवारी स्नेहल आणि मी मिळून पेटी भरायची. पाकीट ती उघडणार, कप्पे मी सांगणार. दुपारची गोळी वाढवायला औषधाच्या दुकानातून छोटं कटर आणलं, त्याने भुगा होत नाही. रात्रीची गोळी सिस्टरांकडेच राहील, कारण त्या वेळी मी झोपेला आलेली असते. हे मी दोन दिवस भांडून मग कबूल केलं. उरलेली पेटी माझ्या खाटेशेजारच्या खणात, कुलपात. लीलाताईंना डोकेदुखीची गोळीसुद्धा द्यायची नाही. त्या लगेच म्हणाल्या, "मी कधी मागितली?" मागच्याच आठवड्यात मागितली होती.

आठवडाभर खण दिवसा उघडा, किल्ली सिस्टरांकडे. स्नेहल फक्त बघणार, आठवण करून देणार नाही. सुरुवातीचे दिवस झकास गेले. मग एका दुपारी गजर झाला आणि नेमका लीलाताईंच्या मुलीचा परदेशातून व्हिडिओ कॉल. "निर्मलामावशी, कशा आहात?" मी गजर बंद केला, कप्पा उघडला, हसले, बोलले. कॉल संपला. कप्पा रिकामा. पाण्याचा पेला भरलेला.

गोळी घेतली की नाही? मला खरंच आठवेना. पेला भरलेला म्हणजे घेतली नसेल. कप्पा रिकामा म्हणजे घेतली असेल. लीलाताईंना विचारलं तर त्यांचं लक्ष फोनवरच्या नातीकडे होतं. स्नेहल त्याच वेळी बाहेर गेली होती. कोणी पाहिलं नव्हतं. गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. पेटीत पुढच्या वेळची अर्धी होती. ती घेऊन टाकली असती तर संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत, किंवा डबल. आणि सांगितलं तर परीक्षा बुडाली, पेटी गेली, परत ती ट्रॉली, परत तो उंबरठा. माझे पाय जड व्हायला लागले होते आणि तेवढ्या वेळात मी स्वतःशी बरीच हुज्जत घातली.

मग बेल दाबली. शेख सिस्टर आल्या. मी म्हटलं, "गोळी घेतली की नाही, मला आठवत नाही."

त्यांनी विचारलं, "मग आता काय करायचं?"

"दुसरी घ्यायची नाही. पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. डॉक्टरांना विचारायचं. आणि पेटी तुम्ही घेऊन जायची, दुसरं काय."

डॉक्टरांना फोन झाला, थांबायचंच ठरलं. तो वेळ कठीण गेला. मी भिंतीसारखी बसून होते आणि स्नेहल माझे हात चोळत होती. चादर झटकताना अर्धी गोळी टणकन खाली पडली. म्हणजे घेतलेली नव्हती. सिस्टरनी ती उचलली, कागदात गुंडाळली आणि खिशात टाकली. मग दुसऱ्या खिशातून खणाची किल्ली काढली आणि माझ्या मुठीत ठेवली. माझी मूठ मिटत नव्हती, म्हणून बोटंही त्यांनीच मिटली.

"आठवडा अजून पुरा व्हायचाय," मी म्हटलं.

"मला जे बघायचं होतं ते बघून झालं," त्या म्हणाल्या आणि गेल्या. मी बराच वेळ रडले. बरं वाटलं.

दीड

त्याला आता बरेच महिने झाले. किल्ली माझ्या गळ्यातल्या गोफात असते. लग्नाआधी आईच्या गळ्यात तिजोरीची असायची, तशी. गजर वाजतो, मी खण उघडते, गोळी घेते, पेला पालथा घालते. पालथा पेला म्हणजे घेतली, ही युक्ती त्या दुपारनंतरची. तुम्हीही करून बघा. आणि तुम्ही कुठल्या निवासात जाणार असाल तर पहिल्या दिवशीच सांगा की मला माझी गोळी माझ्या हाताने घ्यायची आहे, माझी परीक्षा घ्या. नुसती मागू नका. परीक्षा देऊन मिळालेली पेटी कोणी सहजासहजी परत नेत नाही.

आजार पुढे सरकतो आहे, सरकणारच. गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे गेलो, मी, मंदार आणि बरोबर स्नेहल. डॉक्टरांनी माझी चिमटी बघितली, चालणं बघितलं आणि म्हणाले, "सकाळची गोळी आता वाढवू या."

आम्ही तिघांनी एकदम विचारलं, "म्हणजे?"

डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिले. "म्हणजे जास्त. एकीऐवजी दीड."

"दीड म्हणजे एक अख्खी आणि एक वाढवून," मी म्हटलं.

"नाही, नाही, दीडच," डॉक्टर घाईने म्हणाले. "आणखी वाढवायची नाही."

स्नेहलने ओठ आत ओढून घेतले. मी काही बोलणार, तेवढ्यात मंदारने दोन्ही हात टेबलावर ठेवले, अंगठे एकमेकांना लावले आणि मधे नसलेली गोळी दाबून तिचे दोन तुकडे केले.

"डॉक्टर, हे असं," तो म्हणाला. "आमच्याकडे याला वाढवणं म्हणतात."